आजोबांचा वस्तरा अन् पहिला दगड

मागच्या महिन्यात वस्तऱ्याने स्वतःची दाढी स्वतः करण्याबद्दल थोडंसं लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं अन् मेसेज आले त्यातले बरेचसे फिरून एकाच जागी येतात, वस्तऱ्याला धार लावायचा दगड कोणता घ्यायचा. म्हणून या वेळचं सदर सगळं दगडावरच. माझे आजोबा गावचे म्हाली, म्हणजे न्हावी, बलुत्यावर काम केलं त्यांनी, त्यांची हत्यारांची धोपटी अजून आमच्या घरी खुंटीला आहे अन् मी त्यांच्याच वस्तऱ्याने दाढी करतो, तेवढ्या अनुभवावर उत्तरं देतोय. दोघा-तिघांनी नाव छापू नका म्हटलं म्हणून कोणाचंच छापत नाही, तालुका तेवढा लिहिला आहे.

प्रश्न : नमस्कार भाऊ. जुनं घर पाडताना माळ्यावरच्या पेटीत आजोबांचा वस्तरा सापडला. पात्यावर सोलिंगेन असं इंग्रजीत कोरलंय, पाठीवर गंज आहे, धारेपाशी दिसत नाही. मला त्यानेच दाढी करायची आहे. ऑनलाइन पाहिलं तर ४००, १०००, ३०००, ५०००, ८०००, १२०००, वरतून बेल्जियमचा वेगळा अन् जपानचा वेगळा, डोकं चालेनासं झालं. कापूस विकल्यावर चार-पाच हजार बाजूला काढू शकतो. तेवढ्यात काय घेऊ? (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : भाऊ, पहिले तर तो वस्तरा कोणाला विकू नका अन् कोणाच्या मशीनवर घासून आणू नका. सोलिंगेन हे जर्मनीतलं सुऱ्या-कात्र्या-वस्तऱ्यांचं शहर, त्या नावाचा शिक्का मारायलाच तिथे १९३८ साली कायदा झाला, म्हणजे वस्तू खरी असेल तर पोलादाची काळजी नको. धारेपाशी गंज नाही म्हणता ते फार चांगलं, पण भिंग घेऊन उन्हात परत एकदा पहा. सुईच्या टोकाएवढे काळे खड्डे धारेवर असतील तर तेवढं पोलाद घासून काढावं लागतं अन् ते पहिल्याच खेपेला जमत नाही. पाठीवरचा गंज दाढीला आडवा येत नाही, तो राहिला तरी चालतो.

आता दगड. त्याच्यावरचा आकडा म्हणजे ग्रिट, आकडा जेवढा मोठा तेवढे दगडाचे कण बारीक. तुम्ही शेतकरी आहात म्हणून तसंच सांगतो. १००० चा दगड म्हणजे नांगरट. जुन्या वस्तऱ्याची धार दोन्ही बाजूंनी बोथट होऊन गोल झालेली असते, ती दोन्ही बाजूंनी घासत घासत एका रेषेत आणून भेटवायची हे काम १००० चं, याला बेव्हल बसवणे म्हणतात. ४००० नाहीतर ५००० चा दगड म्हणजे वखर, १००० ने पोलादावर जे ओरखडे पाडले ते तो बारीक करतो. अन् ८००० च्या पुढचे दगड फक्त चकाकी आणतात, धार गुळगुळीत करतात म्हणजे चेहऱ्यावर आग होत नाही. नांगरट न करता सरळ तिफन घातली तर जे होतं तेच बेव्हल न बसवता बारीक दगड घासल्यावर होतं, अन् नवीन माणूस हमखास तिथेच फसतो कारण १२००० हा आकडा मोठा दिसतो अन् मोठा म्हणजे भारी असं वाटतं.

तुमच्या पैशात मी असं करीन. एक १००० अन् ६००० असा दोन तोंडांचा जपानी दगड, किंग कंपनीचा मिळतो, नवशिके लोक जगभर त्याच्यावर शिकलेत. भाव साइटनुसार खालीवर होतो, चार ठिकाणी पाहून घ्या. ६००० वर वस्तरा दाढी करण्याजोगा होतो पण जरा खरखरीत लागतो, ती खरखर काढायला पुढे सांगतो ती हिरवी पूड. पैसे थोडे जास्त जमले तर १००० चा दगड वेगळा अन् नॉर्टन कंपनीचा ४०००/८००० वेगळा, ही जोडी उत्तम, वस्तरेवाले कित्येक वर्षं नवशिक्याला हीच सांगत आले. ४०० चा दगड घेऊच नका, तो धारेत खांडोळ्या पडल्या असतील तर लागतो, नाहीतर चांगलं पोलाद उगाच खाऊन टाकतो. अन् बेल्जियमचा कोटिक्युल, तो पिवळट नैसर्गिक दगड असतो, त्यात गार्नेटचे बारीक कण असतात अन् एकाच दगडावर, घासून निघालेला चिखल दाट-पातळ करत सगळी कामं होतात हे खरं आहे, मी एकदा मित्राचा वापरून पाहिला, फार गोड धार येते. पण कस्टम धरून त्याला जेवढे पैसे जातात तेवढ्यात एक शेळी येते, शिवाय खाणीतून निघालेला प्रत्येक तुकडा वेगळा वागतो, म्हणून शिकणाऱ्याने त्याच्या मागे लागू नये, आपलं चुकतंय की दगडाचं हेच कळत नाही.

आकड्याबद्दल अजून एक, कारण यात खूप लोकांचा गोंधळ होतो. जपानी दगडावरचा आकडा अन् हार्डवेअरच्या दुकानातल्या पॉलिश पेपरवरचा आकडा एक नाही. गाडीच्या रंगकामाचा पी २००० चा पेपर साधारण १० मायक्रॉनच्या कणाचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे तो जपानी १००० च्या जवळपासचा झाला, ८००० च्या जवळपास कुठेच नाही. अन् कंपनी-कंपनीतही फरक आहे, नॉर्टनचा ८००० हा ३ मायक्रॉनचा, जपानी मापात ८००० म्हणजे १.२ च्या आसपास. मायक्रॉन लिहिलेला असेल तर तोच पहा. ज्या दगडाच्या खोक्यावर ना कंपनी ना मायक्रॉन, नुसतं ३०००/८००० असं छापलंय अन् दोनशे-तीनशे रुपयात घरपोच मिळतो, त्याच्यावर विळी घासा, वस्तरा नको.

दगडाच्या नावापेक्षा तो सपाट आहे का याच्यावर जीव टाका. चाकूला कोन हाताने सांभाळावा लागतो, वस्तऱ्याला लागत नाही, वस्तऱ्याची पाठ अन् धार दोन्ही एकदमच दगडाला टेकतात, कोन पाठीच्या जाडीनेच ठरलेला असतो, दोन्ही बाजू धरून साधारण १६ ते १८ अंश. म्हणजे दगडात खोलगा असेल तर सगळा हिशोब बिघडला. आमच्या घरच्या सिल्लीला, आजोबा दगडाला सिल्ली म्हणायचे, मधोमध असा खोलगा पडलाय की त्यात बोटाचं पेर बसतं, अन् चाळीस वर्षं त्याच खोलग्यात फिरून त्यांच्या वस्तऱ्याची धार पण चंद्रकोरीसारखी बाहेर आली. त्यांच्या हाताला ते वळण माहीत होतं म्हणून त्यांचं भागलं, माझं भागलं नाही.

तर दगड नवीन असला तरी सपाट करून घ्यायचा. काचेच्या दुकानातून जाड काचेचा एक तुकडा आणा, कडा घासून द्यायला सांगा नाहीतर हात कापेल. त्यावर २२० नाहीतर ३२० चा काळा वॉटर पेपर पाण्याने चिकटवा. दगडावर पेन्सिलने उभ्याआडव्या रेघा मारा, खिडकीच्या गजांसारख्या, अन् दगड त्या पेपरवर गोल गोल फिरवा. ज्या रेघा आधी पुसल्या तो भाग उंच होता, ज्या राहिल्या तो खोल. सगळ्या पुसल्या की पुन्हा रेघा मारून पुन्हा एकदा. नंतर दगडाच्या चारही कडा त्याच पेपरवर थोड्या गोल करा, कारण टोकदार कडेवर वस्तऱ्याची टाच, म्हणजे पात्याचा मुठीकडचा शेवट, अडकली की खांडोळी पडलीच. हे सगळं झाल्यावर दगड धुऊन काढा, पेपरचा एक कण राहिला तरी तो धारेत ओरखडा पाडतो.

मग वस्तऱ्याच्या पाठीवर इलेक्ट्रिकवाल्याची टेप एक पदर लावा, पाठ झिजत नाही. टेप लावून सुरू केलं तर शेवटच्या दगडापर्यंत टेपच ठेवा, मधे काढली की कोन बदलला. धारेच्या दोन्ही पट्ट्यांवर काळ्या मार्करने रंग द्या, १००० वर दोन-चार हात फिरवा अन् पहा रंग कुठून गेला. धारेच्या अगदी कडेपर्यंत रंग निघत असेल तर दगड पोचतोय, कडेला काळी रेघ राहत असेल तर अजून पोचला नाही, घासत रहा. दगडावर नेहमी धार पुढे अन् पाठ मागे. पातं दगडापेक्षा लांब असलं तर तिरपं ओढत न्यायचं, टाचेकडून सुरू करून टोकाकडे संपवायचं. उलटवताना पाठीवरून उलटवायचं, धारेवरून कधीच नाही. अन् जोर नको. मी पोरगा असताना एकदा हात घातला तर आजोबा म्हणाले होते, "जोर काहून लावतं बे, वस्तऱ्याचाच भार पुरते." सुरुवातीला १००० वर थोडा दाब चालतो, तो पण कमी कमी करत शेवटचे हात नुसत्या वजनाने.

१००० झालं हे कसं ओळखायचं, तर धार वर करून बल्बखाली धरा अन् टाचेपासून टोकापर्यंत हळूहळू फिरवा. कुठे ठिपका चमकला तर तिथे धार नाही, खऱ्या धारेवर उजेड थांबत नाही. दुसरं म्हणजे मनगटावरचे केस कातडीलगत सगळ्या लांबीने सारखे निघाले पाहिजेत. टाचेकडे निघतात अन् टोकाकडे वाकतात असं असेल तर पुढच्या दगडाला हात लावू नका, मग दोन संध्याकाळी गेल्या तरी चालतील.

प्रश्न : मी सात-आठ महिन्यांपूर्वी १२००० चा फिनिशिंग दगड घेतला, चांगल्या कंपनीचा आहे. वस्तरा नवीन चिनी. रोज त्या दगडावर शंभर-शंभर हात मारतो, धार आरशासारखी चमकते, पण दाढीला लावला की केस ओढतो, डोळ्यात पाणी येतं. दगड खोटा निघाला का? (ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : दगड खोटा नाही हो. हीच चूक मी केली होती म्हणून अगदी खात्रीने सांगतो. मी पण पहिला दगड १२००० चाच घेतला, दुकानदाराने सांगितलं हा सगळ्यात बारीक, याच्यापुढे काही नाही, अन् मी पावसाळाभर रोज रात्री जेवण झाल्यावर त्याच्यावर बसायचो. पातं असं चमकायचं की त्यात पंखा फिरताना दिसायचा अन् गालावर मात्र भाजल्यासारखं व्हायचं. शेवटी गावातले एक म्हातारे म्हाली, आजोबांच्या जोडीचे, त्यांना पारावर नेऊन दाखवला. त्यांनी वस्तरा उन्हात धरला, अंगठ्याच्या नखावर ठेवून नुसता हलका पुढे सरकवला अन् म्हणाले, हा अर्ध्यातच गेलाय, टोकाकडे तर धार लागलेलीच नाही. त्यांना ग्रिटचा आकडा माहीत नव्हता, पण पातं नखात रुतत जातं का घसरतं हे बोटाला कळत होतं, अन् टोकाकडे ते घसरत होतं.

मग मी १००० चा दगड आणला. पहिल्या दिवशी मार्कर लावून पाहिलं तर टोकाकडच्या बोटभर भागात काळी रेघ जशीच्या तशी, म्हणजे एवढे दिवस माझा १२००० चा दगड त्या भागात धारेला शिवलाच नव्हता, तो फक्त मागची पट्टी चमकवत होता. एवढा बारीक दगड एका हातात इतकं कमी पोलाद काढतो की त्याने बोथट धार भेटवायची म्हटलं तर महिने लागतील.

तुमचा चिनी वस्तरा असेल तर अजून एक शक्यता आहे. स्वस्त वस्तऱ्यांची पाठ बऱ्याचदा सरळ नसते अन् टाचेजवळचा जाड भाग, जिथून मूठ सुरू होते तिथला, दगडावर चढतो अन् धार उचलून धरतो. दगडाच्या कडेपासून तो भाग बाहेर ठेवून घासून पहा. वस्तरा काही फेकू नका, शिकायला तो चांगलाच, त्याच्यावर चुका करा अन् घरातला जुना चांगला वस्तरा हात बसेपर्यंत तेल लावून ठेवून द्या. १२००० चा दगड पण जपून ठेवा. १००० चा एक अन् मधला ४०००-५००० चा एक एवढं आणलं की तोच दगड तुम्हाला पहिल्याच आठवड्यात वेगळा वाटेल.

प्रश्न : आमच्या नदीत गुळगुळीत काळे दगड मिळतात, घरी विळे-कोयते त्याच्यावरच पाजवतो, मस्त धार येते. वस्तऱ्याला काहून चालत नाही? अन् बाजारात सायकलवर धार लावणारा येतो त्याच्याकडून करून घेतलं तर? (ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

उत्तर : विळ्याला जी धार लागते ती वस्तऱ्याला नको असते. विळा धान कापतो तेव्हा त्याच्या धारेला बारीक दाते असले तर ते काडी पकडतात अन् कापतात, भरड दगड ते दाते आपोआप पाडतो, म्हणून विळा नदीच्या दगडावर चांगला लागतो. तेच दाते गालावर फिरले तर कातडी सोलतात. कामठीच्या बाजूचा वालुकाश्म घ्या, किंवा कुठलाही वालुकाश्म, वाळूचा कण म्हणजेच कमीत कमी ६० मायक्रॉनच्या पुढचा, अन् १००० चा दगड १०-१५ च्या आसपास, शेवटचा दगड तर एक-दोन मायक्रॉनवर येतो. नदीतला काळा दगड हाताला गुळगुळीत लागतो तो पाण्याने वरून घासला म्हणून, आत त्याचे खनिजांचे कण लहान-मोठे मिसळलेले असतात अन् शंभरात एक मोठा कण असला तरी तो एकच पूर्ण धार खराब करायला पुरतो. तरी एक सांगतो, कुरुंदाचा दगड आपल्या लोकांना पिढ्यानपिढ्या माहीत आहे, अन् इंग्रजीतला कोरंडम हा शब्द आपल्या इकडच्याच भाषांतून तिकडे गेलाय. आजच्या कित्येक कृत्रिम दगडात तेच असतं, ॲल्युमिनियम ऑक्साइड, फक्त कण चाळून एका मापाचे केलेले. पैसे आपण त्या एकसारखेपणाचे देतो.

सायकलवाल्याकडे वस्तरा अजिबात देऊ नका, मी हात जोडून सांगतो. त्याचं काम वाईट नसतं, कात्री अन् सुरीला तो बरोबर आहे. पण चाक फिरतं तेव्हा वस्तऱ्याची धार, जी कागदाहून पातळ असते, क्षणात तापते. साधं कार्बन पोलाद दोनशे अंशाच्या वर गेलं की त्याची कडकी उतरायला लागते, धारेवर पिवळसर मग निळा रंग दिसतो, अन् निळा दिसला की तेवढा भाग मेला. तो परत कितीही भारी दगडावर घासा, दोन दाढ्यात वाकतो.

प्रश्न : आमच्या गावात फायबर केबलचं काम चालू आहे, तिथल्या पोराने मला गुळगुळीत प्लास्टिकसारखे चौकोनी कागद दिले, म्हणतो याने काच पॉलिश करतात, मागे ३ अन् १ असं लिहिलंय. तुमच्या वस्तऱ्याला चालतील का म्हणून विचारतोय. (ता. अचलपूर, जि. अमरावती)

उत्तर : तुम्हाला फार चांगली वस्तू सापडली. त्याला लॅपिंग फिल्म म्हणतात, फायबरच्या तोंडावरची काच घासायला वापरतात, अन् मागचा आकडा सरळ मायक्रॉनचा असतो. १२, ९, ५, ३, १ अन् ०.३ अशी मिळते. फिल्म सपाट काचेवर नाहीतर गुळगुळीत ग्रॅनाइटच्या फरशीवर पाण्याने चिकटवायची, खाली बुडबुडा राहू द्यायचा नाही, वर पुन्हा थोडं पाणी अन् दगडासारखेच हात मारायचे, एकदम हलक्या हाताने, धार थोडी जरी आत दाबली तर फिल्म कापली जाते. दगड सपाट करायची भानगड नाही अन् पैसे थोडे थोडे जातात, म्हणून ज्याला एकदम हजारो रुपये काढता येत नाहीत त्याला मी १००० चा एक दगड अन् पुढे ५, ३, १ च्या फिल्म असंच सुचवतो. फक्त फिल्म झिजते, चार-पाच वेळा झाली की बदलावी लागते, त्यामुळे दहा वर्षांचा हिशोब केला तर दगड स्वस्त पडतो. त्या पोराकडून वापरलेल्या घेऊ नका, त्यात काचेचा चुरा बसलेला असतो, कोऱ्या असतील तर घ्या.

अन् हिरव्या पुडीबद्दल दारव्ह्याच्या भाऊंना पुढे सांगतो म्हटलं होतं. ती क्रोमियम ऑक्साइड, ०.५ मायक्रॉनची, जाड सुती कापडावर नाहीतर चामड्याच्या वेगळ्या तुकड्यावर चिमूटभर चोळायची, त्यावर दहा-बारा हात, मग साध्या चमोट्यावर, म्हणजे धार फिरवायच्या चामड्याच्या पट्ट्यावर, पन्नास-साठ. इथे दगडाच्या उलट, पाठ पुढे अन् धार मागे. चमोटा ताणून धरा, ढिला पडला की धार गोल होते अन् दगडावरची सगळी मेहनत तिथेच जाते. हार्डवेअरमध्ये बफिंगच्या चाकाला लावायची हिरवी वडी मिळते ती ही नव्हे, त्यात भरड माल मिसळलेला असतो.

प्रश्न : मे महिन्यात दगड पाण्यात भिजत ठेवला होता, काम झाल्यावर उन्हात वाळवला, दुसऱ्या दिवशी मधून तडा. गॅरंटीत येईल का? (ता. हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : नाही येणार बहुतेक. दगड आतून ओला अन् वरून एकदम कोरडा झाला की ताण पडतो, अन् आपल्याकडचं मेचं ऊन म्हणजे पंचेचाळीस अंश, त्यात तो टिकतच नाही. वापरून झाला की पुसून, घरात, सावलीत, उभा ठेवा म्हणजे सगळीकडून हवा लागेल. पंख्याखाली पण नको. शिवाय सगळेच दगड भिजवायचे नसतात. किंगचा १००० भिजवतात, पाच-दहा मिनिटं, बुडबुडे थांबले की काढायचा. नानिवा कंपनीचे सुपर स्टोनसारखे रेझिनमध्ये बांधलेले दगड नुसतं वरून पाणी शिंपडून वापरायचे, ते भिजत ठेवले तर मऊ पडतात अन् वाळताना वाकतात, तडकतात. उन्हाळ्यात दगडावरचं पाणी दोन मिनिटांत उडतं, बाजूला वाटी ठेवून बोटाने शिंपडत रहा. तडा अगदी बारीक असेल अन् नख अडकत नसेल तर काम चालू ठेवा, अडकत असेल तर तिथून धार नेऊ नका. अन् पावसाळ्यात उलटं जपा, दाढी झाली की वस्तरा पुसून धारेवर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा, सावलीच्या ओलाव्यात कार्बन पोलादाला एका रात्रीत ठिपके पडतात.

प्रश्न : माझं गावात सलून आहे. अर्ध्या ब्लेडऐवजी वडिलांसारखा खरा वस्तरा सुरू करावा, दगड-चमोटा घ्यावा असं मनात आहे, गिऱ्हाईकाला पण आवडेल. सुरुवातीला कोणता दगड? (ता. मोताळा, जि. बुलडाणा)

उत्तर : दादा, तुमच्या मनातली ओढ मला कळते, धोपटी घेऊन वाड्या-वस्त्यांवर फिरणाऱ्या माणसाचा मी नातू आहे. पण गिऱ्हाइकासाठी नका करू. अर्धं ब्लेड आलं तेच रोगाच्या भीतीने आलं अन् ती भीती खरी आहे. हिपॅटायटिस बी चा विषाणू सुकलेल्या रक्तात, बाहेर पडून राहिलेला, सात दिवस तरी जिवंत राहू शकतो. पातं एक वेळ औषधात बुडवून साफ होईल, पण चमोटा चामड्याचा, त्याला कसा धुणार? एकाच्या गालावरचा वस्तरा चमोट्यावर, अन् त्याच चमोट्यावरून दुसऱ्याच्या गालावर. तुमच्या सलूनला ज्या माणसांनी आयुष्यभर विश्वासाने मान दिली त्यांच्यासाठी प्रत्येकाला नवीन ब्लेड हेच बरोबर.

स्वतःच्या दाढीसाठी मात्र जरूर घ्या, अन् तुमचा हात आधीच बसलेला आहे म्हणून तुम्हाला वेगळं सांगतो. वडिलांचा वस्तरा अजून बऱ्यापैकी लागत असेल, म्हणजे केस कापतो पण थोडा ओढतो, तर १००० च्या मागे न लागता ८००० किंवा त्याच्या वरचा एकच दगड घ्या अन् पंधरा-वीस हात मारून पहा. वडिलांच्या सामानात तळहातात मावेल असा छोटा, कडक, गुळगुळीत दगड सापडतो का शोधा. जुने सलूनवाले असा कारखान्यातला छोटा दगड ठेवत, दोन दाढ्यांच्या मधे चार-सहा हात मारून वस्तरा परत चालता करायला. सापडला तर विकत काही घ्यायचीच गरज नाही, फक्त साबणाच्या पाण्याने धुऊन जुनं काळं साचलेलं काढा अन् सपाट आहे का पहा.

प्रश्न : माझा मुलगा वस्तऱ्याने दाढी करायला शिकतोय. त्याच्या ८००० च्या दगडावर मी परवा विळीचं पातं घासलं तर घरात एवढं भांडण झालं की दोन दिवस बोलला नाही. दगडच तर आहे, त्यात एवढं काय बिघडलं? (ता. पुसद, जि. यवतमाळ)

उत्तर : काकू, मुलाच्या बोलण्याची पद्धत चुकली असेल, पण दगडाचं त्याचं म्हणणं बरोबर आहे. विळीचं पातं वाकडं असतं, ते दगडावर एकाच ठिकाणी दाबून फिरतं अन् तिथे नाली पडते. तुम्हाला ती बोटाला लागणार पण नाही, वस्तऱ्याला लागते. शिवाय विळीच्या पात्यावरून निघालेला भरड कण त्या बारीक दगडात रुतून बसला असेल तर तो पुढच्या प्रत्येक खेपेला धारेवर ओरखडा पाडेल.

दगड वाया गेलेला नाही. त्याला सांगा पेन्सिलच्या रेघा मारून काचेवरच्या वॉटर पेपरवर परत सपाट कर, ८००० साठी पेपर जरा बारीक घे, ६०० चा, अन् नाली गेली की नळाखाली धू. अर्ध्या तासाचं काम. अन् विळीसाठी त्याला एक साधा दोन तोंडांचा कार्बोरंडमचा दगड आणून द्यायला सांगा, हार्डवेअरमध्ये शे-दोनशेत मिळतो, तो तुमचा, स्वयंपाकघरात खिडकीत ठेवा म्हणजे त्याच्या दगडाकडे हात जाणार नाही.